जिन्याच्या वळणावरचं तात्पुरतं काम

आदरणीय वन्सं यांस,

त्या दिवशी सकाळी मी स्टोव्हवर पाणी चढवलं होतं, कपडे साबणात भिजवून ठेवले होते, आणि ओलं फडकं घेऊन जिना वरून खाली पुसत येत होते. (जिना नेहमी वरून खाली पुसावा, हे तुम्हीच मला लग्नानंतर शिकवलंत. त्याआधी मी खालून वर पुसत जाई आणि जिना वाळेपर्यंत वरच अडकून बसे.) वळणावर आले, उठायला म्हणून लाकडी कठडा धरला आणि कठडा हातात आला. भिंतीशी त्याचा काही संबंधच उरला नाही. मी, कठडा, बादली आणि फडकं, असे चौघं एकामागून एक खाली उतरलो. ह्यांची दाढी चालली होती. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून ते धावत आले आणि मी कण्हत असताना आधी बादलीला पोचा आलाय का ते पाहिलं. मग माझा गुडघा पाहिला. मग बराच वेळ भिंतीतल्या भोकाकडे पाहत राहिले. तुम्ही शाळेत निघाला होतात, दारात उभ्या होतात. "आजच्यापुरतं तात्पुरतं करून देतो," असं म्हणून ते अंगणात गेले आणि आपल्या चांगल्या चालत्या सायकलचं हँडल सोडवून घेऊन आले. ते उलटं धरून त्याचा दांडा भिंतीतल्या भोकात ठोकला, बाजूंनी लाकडाच्या पाचरी मारल्या, आणि मला म्हणाले, "धर बघू." मी धरलं. दिवा तुम्ही धरला होतात, कारण त्या वळणावर भर दिवसासुद्धा काही दिसत नाही. तुम्ही म्हणालात, "शोभतं का हे?" ते म्हणाले, "रविवारी लाकूड आणतो." तोवर गालावरचा फेस वाळून चुन्यासारखा झाला होता. उरलेली दाढी करून ते त्या दिवशी चालत कचेरीत गेले.

तो रविवार अजून यायचा आहे, आणि पुढे नोकरी संपेपर्यंत ते चालतच कचेरीत गेले.

पत्राची सुरुवात अशी मधूनच झाली त्याबद्दल रागावू नका. आता रीतीने लिहिते. आपणांस साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती बरी असेल, खोकला कमी झाला असेल, वरच्या मजल्यावरच्या माणसाने रेडिओचा आवाज हळू केला असेल, अशी आशा करते. (नसेल केला तर त्याला एकदा तुमच्याकडे चहाला बोलवा आणि नुसतं त्याच्याकडे बघा. तुमच्या शाळेतले शिक्षकसुद्धा एवढ्यावर सरळ होत असत.) माझी तब्येत ठीक आहे. गुडघा बोलतो, पण हळू बोलतो. मागच्या पत्रातल्या चुका तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून पाठवल्यात, त्या वाचल्या. हे पत्र जरा लांबणार आहे, तेव्हा शाई भरून बसा.

घराची हकिगत तुम्हाला कळवायची होती. वरच्या खोलीची तुळई वाकली आहे. आधी मला वाटलं, माझेच डोळे वाकडं बघतात; पण कौलंही तिच्याबरोबर खाली यायला लागली, तेव्हा खात्री पटली. तुम्ही मोठेपणाने लिहिलंत, की घर बंद करून माझ्याकडे राहायला ये. तुमचे उपकार आहेत. पण वन्सं, तुमच्या घरात दोन खोल्या आणि दोन्हींत तुम्ही. तिथे मी कुठे मावणार? शिवाय मला सकाळी उठल्याबरोबर त्या स्वयंपाकघरातल्या कड्या दिसल्या नाहीत, तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. (आपलं घर पूर्वी टपालगाड्यांचं ठाणं होतं, तेव्हाच्या घोडे बांधायच्या कड्या आजही भिंतीत तशाच आहेत. एकीला झारा, एकीला गाळणं आणि मोठीला माझं हातपुसणं. सासरे म्हणायचे, घोडे गेले म्हणून घर आपल्याला परवडलं.) ह्यांना जाऊन तिसरं वर्ष लागलं. तरी सकाळी दाढीच्या वेळेला मी पाणी जरा जास्तच तापवते, आणि मग ते भांडी घासायला वापरते. भांडी अगदी लखलखीत निघतात.

तर दुरुस्ती करायची ठरवली. दुरुस्तीला पैसे लागतात म्हणून बँकेत गेले. तिथे एक हसतमुख मुलगी होती, मला मावशी म्हणाली, पाणी दिलं. माझं वय विचारलं, मी सांगितलं. घराचं वय विचारलं, तेही सांगितलं. दोन्ही ऐकून तिचं हसू जरा बारीक झालं. घर तारण ठेवता येईल का म्हणून विचारलं, तर म्हणाली, दारावर संरक्षित वास्तूची पाटी आहे, म्हणजे ते सहज विकता येणार नाही, आणि जे विकता येत नाही ते बँकेच्या काय कामाचं? मी म्हटलं, अगं, विकायचं नाही म्हणूनच तर तुझ्याकडे आले. तिला ते पटलं, पण कॉम्प्युटरला पटलं नाही. तिने मला ऐतिहासिक वास्तूंच्या कार्यालयाचा पत्ता दिला आणि दारापर्यंत पोचवायला आली. पोरगी गुणी आहे.

पैसे कुठून येणार ते ठरायच्या आत मी ठेकेदार शोधायला लागले. (हे उलटं झालं, मला कळतं. पण तुळईला माझा क्रम कुठे ठाऊक आहे?) पहिला आला तो सबंध वेळ फोनवर होता. फोनवरच्या माणसाशी बोलत बोलत घरभर फिरला, आणि मधेच मला म्हणाला, हे सगळं पाडून टाकू, आणि हुबेहूब असंच जुनं दिसणारं नवं बांधून देऊ. मला काही क्षण वाटलं, तो फोनवरच्या माणसाचं घर पाडतोय. दुसरा आला तो भिंतीवर बोटाने टकटक करायचा, कान लावायचा आणि "बापरे" म्हणायचा. प्रत्येक बापरेला खर्चाचा अंदाज वर चढत होता. मी त्याला चौथ्या भिंतीला कान लावू दिला नाही.

पण दोघांमध्ये एक गोष्ट सारखी होती. तुम्हाला आठवत असेल, ह्यांनी घरात काय काय तात्पुरतं करून ठेवलं आहे. खिडकी उघडी राहावी म्हणून लावलेला छत्रीचा दांडा. मोरीच्या दाराला बिजागरीच्या जागी चामड्याचा पट्टा. माळ्याच्या फळीखाली दिलेला जुन्या खाटेचा पाय. आठवडाभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कागद खरडायचे, आणि रविवारी घरी सुतार, लोहार, गवंडी सगळं एकट्यानेच व्हायचं. (आणि त्यांना हातोडी देणारी मी.) तर हे ठेकेदार एकेका कामापुढे उभे राहायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि विचारायचे, "हे कुणी केलंय?" विचारण्याची तऱ्हा अशी, की करणारा सापडला तर तिथेच त्याला फळीला टांगतील. मी खाली बघून म्हणे, आमच्या ह्यांनी. मग भिंतीवरचा फोटो त्यांना दिसायचा आणि ते पुढच्या कामाकडे वळायचे.

तिसरी आली ती बाई. हो, बाई ठेकेदार! नवरा ठेकेदार होता, तो गेल्यावर त्याची अर्धवट राहिलेली कामं पुरी करता करता ही त्यातच मुरली. सगळीकडे ती आपला मोजपट्टीचा डबा घेऊन फिरते, आणि आवाज असा, की तुमच्या रेडिओवाल्याला तिच्याकडे पाठवायला हवं. ती जिन्याने वर जायला निघाली, वळणावर थांबली आणि म्हणाली, "ताई, हे कुणी केलंय?" मी खाली बघायला लागणार, तोच ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "सायकलचं हँडल आहे हो हे! आमच्या ह्यांनी न्हाणीघराच्या दाराला शिवणाच्या मशिनचं पायडल लावलं होतं, अजून काढवत नाही मला." मग मीही पायरीवर बसले. वन्सं, खरं सांगते, त्या वळणावर इतकं हसणं तुमच्या भावाच्या वेळेनंतर झालंच नव्हतं. चहा जिन्यातच झाला. काम तिलाच द्यायचं, हे मी तिथेच ठरवलं. पण काम द्यायचं म्हणजे पैसे हवेत, आणि ते नव्हतेच.

म्हणून ऐतिहासिक वास्तूंच्या कार्यालयात अर्ज केला. तिथले साहेब घर बघायला आले. साहेब म्हणजे किरकोळ अंगाचा मुलगा, जाड चष्मा, बूट दारात काढले, मला आजी म्हणाला. त्याने म्हणे टपालगाड्यांच्या ठाण्यांवर अभ्यास केला आहे, आणि इतकी ठाणी पाहिली पण सगळ्यांची दुकानं झालेली. आमच्या कड्या बघून त्याचा जीव इतका हरखला, की त्याने माझा झारा स्वतः हाताने काढून बाजूला ठेवला, जणू झाऱ्याने घोड्याचा अपमान केला होता. तुळई पाहून म्हणाला, वाईट वाटतं, पण नुसत्या छपराला आमच्याकडे पैसे मिळत नाहीत. काहीतरी दुर्मिळ सापडावं लागतं.

आणि मग तो जिन्याच्या वळणावर आला.

तुम्हाला माहीत आहे, ह्यांनी दर वर्षी घरातला उरलासुरला रंग त्या हँडलावर संपवला. काळा, मग तपकिरी, मग पुन्हा काळा, आणि एकदा तर (तुम्ही ओरडलात तेव्हा) शेजाऱ्यांच्या फाटकाचा हिरवा. तीस वर्षांचे थर. ते आता मनगटाएवढं जाड झालं आहे आणि हातांनी घासून घासून मधे चकाकतं. तो मुलगा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. चष्मा पुसला. खिशातून छोटी विजेरी काढली. घंटी होती त्या जागी जो लोखंडाचा कान राहिला आहे, त्यावर त्याने हलकेच बोट फिरवलं. मग अगदी हळू, देवघरात बोलावं तसं म्हणाला, "आजी, हे कुणी केलंय?"

वन्सं, मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण आजवर ज्याने ज्याने हे विचारलं त्याने ते नाक मुरडूनच विचारलं होतं, आणि हा मुलगा गुडघ्यांवर बसून विचारत होता. माझ्या तोंडून काही निघालंच नाही. तो समजला, मला ठाऊक नाही.

मग त्याने मला समजावून सांगितलं. हा म्हणे लगाम-कंस. गाडीवान रात्रीच्या मुक्कामाला वर जाताना लगाम ह्याच्या दोन शिंगांवर अडकवायचे, म्हणजे दुसऱ्याने घोडे पळवू नयेत. वर्णन त्याने जुन्या कागदांत वाचलेलं, पण प्रत्यक्ष कुठे पाहिलेला नाही. तो कान म्हणजे टपाल आल्याची वर्दी देणाऱ्या घंटेचा. (एवढं मात्र बरोबर. घंटाच होती ती. ह्यांनी कोपऱ्यावर वळताना वाजवली की मी आमटी विस्तवावर ठेवायची.) त्याने तिन्ही बाजूंनी फोटो काढले. जाताना मला वाकून नमस्कार केला. आणि मागच्या आठवड्यात त्याचा अहवाल आला. मी तो शब्दकोश घेऊन दोनदा वाचला. तुम्हाला माहीत आहे, मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. पुढचं सगळं वाणसामानाच्या पुड्यांवर आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांवर शिकले (तुम्ही शिकवायला तयार होतात, पण तुमचा धाक वाटे). त्यामुळे कागद वाचायचा तो पुरता वाचायचा, ही माझी खोड आहे. तर अहवालात असं आहे, की दुर्मिळ लगाम-कंस ज्या वास्तूत आहे तिचं छप्पर वाचवणं अत्यावश्यक आहे, आणि तुळईसकट सगळा खर्च कार्यालयाने करावा.

म्हणजे पैसे मिळाले, वन्सं. तुमच्या भावाने त्या दिवसानंतर जन्मभर सायकल चालवली नाही, आणि त्या न चालवलेल्या सायकलवर बसून माझं छप्पर घरी आलं.

ठेकेदार बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी डोक्याला हात लावला, मग म्हणाल्या, "मी मेले तरी बोलणार नाही, ताई. पण तुमच्या घरच्यांचं बघा." घरची आता मी आणि तुम्ही.

साहेबांनी एक पाटीही पाठवली. ती कंसाशेजारी लावायची आहे. तिच्यावर लिहिलं आहे: "लगाम-कंस. अज्ञात कारागीर. कृपया हात लावू नये." शिपाई येऊन लावून गेला, आणि आडवी एक लाल दोरीही बांधून गेला. तेव्हापासून मी जिना भिंतीला हात लावत चढते. भिंत गार आहे आणि गुळगुळीत आहे आणि तिला धरता येत नाही. काल कपड्यांची बादली घेऊन वर जाताना वळणावर तोल गेला. पडले नाही. पण जरा वेळ पायरीवर बसून राहिले, दोरीच्या अलीकडे.

बाकी सर्व क्षेम आहे. प्रकृतीला जपावं. ओल्यात फिरू नये.

आपली,
धाकटी वहिनी

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. अनुदान हातात पडण्याआधी, घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीने लगाम-कंस पूर्वीपासून तिथेच असल्याचं सांगायचं असतं, अशी पद्धत आहे. ती व्यक्ती म्हणजे तुम्ही. येत्या गुरुवारी साहेब तुमच्याकडे येतील. तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलला नाहीत, आणि मी तुम्हाला खोटं बोला असं म्हणत नाही. फक्त एवढंच म्हणा, की आठवत नाही. तुमच्या वयाला ते शोभूनही दिसेल. (हे वाक्य लाल शाईने खोडू नका.) तो मुलगा फार भला आहे, त्याला चहाबरोबर काहीतरी खायला द्या. आणि तो दिवा तुम्ही धरला होतात, हे तेवढं त्याला सांगू नका.

ता. क. दुसरा. वरचं सगळं काल लिहिलं आणि पाकीट चिकटवून ठेवलं. आज सकाळी उठले, पाणी तापवलं, कपडे भिजवले, आणि जिना पुसताना वळणावर पाटी समोर आली. पुसायची म्हणून वाचली. हात लावू नये, हे मी कसंबसं सहन केलं असतं. पण अज्ञात म्हणे. अर्धी दाढी ठेवून धावत आलेला माणूस अज्ञात कसा?

म्हणून कार्यालयात गेले. ह्यांच्या वाटेने, चालत. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "आजी, आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "साहेब, आजवर सगळ्यांनी हे कुणी केलंय असं विचारलं ते दोष द्यायला. तुम्ही पहिल्यांदाच आदराने विचारलंत. मला ते जरा वेळ तसंच राहू द्यायचं होतं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग सायकल कोणत्या रंगाची होती, ते विचारलं. अहवाल आता नव्याने लिहावा लागेल, कड्यांच्या जोरावर काही मिळतं का ते बघतो म्हणाले, पण शब्द दिला नाही. कशाच्या जोरावर देतील बिचारे? कड्या पुष्कळ ठिकाणी आहेत.

तिथून ठेकेदार बाईंकडे गेले. त्यांनी मला वेडी म्हटलं, चहा दिला, आणि उद्याच माणसं आणून तुळईला खालून टेकू देते म्हणाल्या. तात्पुरता. मी त्यांना विचारलं नाही, तात्पुरता म्हणजे किती दिवस. आमच्या घरात तात्पुरतं किती टिकतं ते मला माहीत आहे.

तेव्हा तुमच्याकडे राहायला येणं लांबलं. पहिल्या ता. क. मध्ये जे लिहिलं ते विसरा. साहेब गुरुवारी येणारच आहेत म्हणाले. त्यांना खरं तेच सांगा, दिव्यासकट आणि साबणाच्या फेसासकट.

घरी आल्यावर मी लाल दोरी सोडली, पाटी काढून कडीला झाऱ्याशेजारी टांगली, बादली उचलली, आणि हँडल धरून वर जाऊन कपडे वाळत घातले.